अंगावरचं दूध आणि आईचं हृदय

प्रश्न : आठव्या महिन्यात माझं बी.पी. वाढलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आणि बाळंतपण मुदतीआधी करावं लागलं. बाळ आता चार महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. माझी बी.पी.ची गोळी अजून चालू आहे. अंगावर पाजलं की आईला पुढे हृदयविकार होत नाही, हे खरं का? आणि गोळीमुळे पाजणं थांबवावं का?

उत्तर : गोळीसाठी दूध तोडू नका आणि दुधासाठी गोळीही बंद करू नका. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही औषधं दुधात फार कमी उतरतात. बाळ मुदतीआधी जन्मलेलं आहे, म्हणून गोळीचं नाव त्याच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

हृदयविकार ‘होत नाही’ हे मात्र खरं नाही. सुमारे 12 लाख आयांच्या माहितीचा 2022 साली एकत्रित अभ्यास झाला. कधीही अंगावर न पाजलेल्या आयांपेक्षा पाजलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार 11 टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे शंभर आयांमागे अकरा जणी वाचल्या असं नव्हे. जिथे शंभर आजार व्हायचे तिथे एकोणनव्वद झाले. कारण पटण्यासारखं आहे. गरोदरपणात शरीर चरबी साठवतं, रक्तातली चरबी वाढते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो. दूध तयार करायला रोज साधारण 500 कॅलरी लागतात आणि तो साठा वापरला जातो. पण पाजू शकणाऱ्या बायका मुळातच अधिक निरोगी असण्याचीही शक्यता आहे. बेलारूसमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णालयं निवडून काहींमध्ये स्तनपानाला खास प्रोत्साहन दिलं गेलं. साडेअकरा वर्षांनी दोन्ही गटांतल्या आयांच्या वजनात आणि बी.पी.त फरक आढळला नाही.

तुम्हाला झाला तो प्रीएक्लॅम्प्सिया. त्याने पुढे हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि नुसतं पाजून तो पुसला जात नाही. म्हणून घरी बी.पी. नीट मोजा. पाजताना किंवा बाळ रडत असताना नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत हवा. तो लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. 160/110 किंवा वर गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुढे दरवर्षी बी.पी., साखर, कोलेस्टेरॉल तपासा. बाळंतपणाचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. पन्नाशीत छातीत दुखलं तर डॉक्टर गरोदरपणाबद्दल विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा.

प्रश्न : मला दूध फार कमी आलं, बाळ वरच्या दुधावर वाढलं. गरोदरपणात साखरही होती. मी माझंच नुकसान केलं का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर दूध उशिरा किंवा कमी येऊ शकतं. म्हणजे साखरेचा त्रास आधीचा, दुधाचा नंतरचा. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणी करतात. ती राहून गेली असेल तर आता करा, आणि साखर ठीक आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा, आयुष्यभर.