चिनी काळ्या चहाच्या वाडग्यांवरच्या रुपेरी रेषा ब्रशने काढतात का?

नाही, ब्रश लागतच नाही. मी पुण्यात मातीची भांडी करतो आणि चार वर्षं याच एका ग्लेझच्या (भांड्यावर भाजून बसणाऱ्या काचेसारख्या लेपाच्या) मागे आहे, म्हणून सांगतो.

हे वाडगे म्हणजे जियानझान. फूजियान प्रांतात, जियानयांगजवळच्या श्वेइजी परिसरात ते सोंग राजघराण्याच्या काळात (960–1279) भाजले जात. तिथल्या मातीत लोह भरपूर, ग्लेझमध्येही लोह. भट्टी 1300 अंशांच्या आसपास गेली की ग्लेझ वितळतं, आतले बुडबुडे वर येतात आणि येताना लोह पृष्ठभागावर आणून सोडतात. ते ठिपके जागच्या जागी राहिले तर त्याला 'तेलाचे थेंब' म्हणतात. ग्लेझ खाली ओघळलं की तेच ठिपके ताणले जाऊन रेषा होतात, ती 'सशाची लव'.

वाडगा हातात आला तर आधी उलटा करून बघा. ग्लेझ बुडाच्या थोडं वरच थांबलेलं असतं, तिथे त्याची जाड कड साठते, कधी एखादा थेंब लोंबता लोंबता गोठलेला दिसतो. त्याखाली कोरी, काळपट माती. ग्लेझला वाहू द्यायचं आणि तिथेच थांबवायचं, माझ्या मते कारागिराचा खरा कस इथे लागतो. माझ्या पहिल्या भट्टीतले 14 पैकी 11 वाडगे फळीला चिकटले, छिन्नीने फोडून काढावे लागले. तेव्हा मी ग्लेझ पार बुडापर्यंत लावलं होतं. आता खाली बोटभर माती कोरी ठेवतो.

रंग काळाच का, तर तेव्हा चहाची पूड वाडग्यातच गरम पाणी घालून बांबूच्या घुसळणीने फेटायचे. फेस जितका पांढरा आणि जितका टिकाऊ तितका चहा सरस, आणि त्याच्या स्पर्धाही लागायच्या. पांढरा फेस काळ्यावरच उठून दिसतो. सम्राट हुइझोंगने 1107 च्या सुमारास चहावर ग्रंथ लिहिला, त्यातही लवेच्या रेषांचे गडद वाडगेच उत्तम ठरवले आहेत. शिवाय भिंत जाड, चहा लवकर निवत नाही.

जपानमध्ये यांना तेनमोकु म्हणतात. ठिपक्यांभोवती निळी झाक फिरणारा 'योहेन' हा सर्वांत दुर्मीळ प्रकार, त्यातले तीन वाडगे तिथे राष्ट्रीय ठेवा आहेत.

विकत घेणार असाल तर दोन वाडगे शेजारी ठेवून बघा. रेषा हुबेहूब जुळल्या, तर ती छापील नक्षी समजा.