नातवाला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णेचे पाणी आमच्या दारापर्यंत आले. महाविद्यालयात शिकणारा माझा नातू म्हणतो की, हवामानबदलाच्या परिषदा दरवर्षी भरतात आणि धूर मात्र वाढतच जातो. असे जागतिक प्रश्न सोडवण्याची कुवत माणसाच्या स्वभावातच नाही. मी वाद घालतो खरा, पण मनातून मलाही ते पटते. त्याला काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपल्या नातवाची तक्रार निराधार नाही. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत, आणि हा वायू कमी करण्यासाठीचे क्योटो व पॅरिसचे करार याच काळात झाले. ग्लासगोच्या २०२१ च्या परिषदेत कोळसा 'बंद करू' हे शब्द अखेरच्या घटकेला 'कमी करू' असे बदलले गेले, तेही भारताच्या सूचनेवरून. मात्र यावरून थेट मनुष्यस्वभावावर येणे मला मान्य नाही, कारण हाच माणूस ओझोनच्या बाबतीत वेगळा वागला आहे.

फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू सूर्याची घातक अतिनील किरणे अडवणारा ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडले. तेव्हा उत्पादक कंपन्यांनी ते उडवून लावले. पुढे १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील थर वसंत ऋतूत कमालीचा विरळ होत असल्याचे दाखवले, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी हे वायू कमी करण्याच्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. भारत आणि चीन आरंभी बाहेरच राहिले. बिघाड श्रीमंतांनी करायचा आणि भुर्दंड आम्ही सोसायचा, हे कसे, असा आपला सवाल होता, आणि तो रास्तच होता. १९९० साली लंडनच्या बैठकीत गरीब देशांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले. या वाटाघाटींत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी पैसा आणि तंत्रज्ञान यांचा आग्रह धरला होता. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. म्हणजे येथे कोणाचे हृदयपरिवर्तन झाले नाही. पैशाची सोय झाली, मुदत मिळाली आणि पर्यायी वायू हाताशी आले, इतकेच.

येथे एक कबुली द्यायला हवी. हे वायू बनवणारे कारखाने जगात मोजकेच होते, कोळसा आणि तेल मात्र आपल्या चुलीपासून विजेपर्यंत सगळीकडे पसरले आहे. त्यामुळे ओझोनचे यश तसेच्या तसे हवामानाला लावता येत नाही. शिवाय पर्याय म्हणून आलेला आर-१३४ए हा वायू ओझोनला अपाय करत नसला, तरी उष्णता मात्र कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक रोखतो, म्हणून तोही कमी करण्यासाठी २०१६ साली रवांडातील किगाली येथे पुन्हा बसावे लागले. एक गाठ सोडवताना दुसरी बसली, पण ती सोडवण्यासाठी बसायची जागा आधीच्या करारामुळे तयार होती. हवामानाच्या प्रश्नात मला उणीव दिसते ती स्वभावाची नाही, तर अशा पक्क्या व्यवस्थेची आणि तिच्यासाठी पैसा सोडण्याच्या तयारीची.

नातवाला घरातील फ्रिजची मागची बाजू दाखवावी. फ्रिज अलीकडचा असेल, तर कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर बहुधा आर-६००ए असे लिहिलेले असेल. ओझोनला धक्का न लावणारा आणि हवा फारशी न तापवणारा हा वायू आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा फ्रिज असता, तर तेथे आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू दिसला असता. तसा फ्रिज भंगारात निघून त्याची नळी कापली, की फुस्स करून बाहेर पडलेला तो वायू हवेत शंभरेक वर्षे टिकतो. त्यामुळेच सगळे सुरळीत चालले, तरी अंटार्क्टिकावरील थर १९८० च्या पातळीवर यायला २०६६ च्या सुमारापर्यंत वेळ लागेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तोवर आपला नातू आपल्या आजच्या वयाला पोहोचलेला असेल.