वाचक विचारतात: लव्हलँडला स्कीइंगला जायचंय, पण…

थंडी पडली रे पडली की या सदरात स्कीइंगचे प्रश्न सुरू होतात, आणि यंदा डेन्वरच्या आसपासच्या वाचकांनी एकच नाव धरलंय, लव्हलँड. म्हणून हा अख्खा अंक त्याच्यावरच.

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं, वय ९ आणि ६. डेन्वरला नवीन आहोत. ऑफिसमधले इथलेच लोक म्हणतात लव्हलँडला जा, पण नेटवर बघावं तर व्हेल आणि ब्रेकनरिजचाच गाजावाजा. आमच्यापैकी कोणीच कधी स्की पायात घातलेले नाहीत. कुठे जावं?

लव्हलँड. विचारच करू नका.

आता का ते सांगतो. व्हेल, ब्रेकनरिज, कीस्टोन ही सगळी मोठी नावं आय-७० हायवेवरच्या आयझेनहॉवर टनेलच्या पलीकडे आहेत आणि लव्हलँड अलीकडे, अगदी टनेलच्या तोंडाशी. डेन्वरहून साधारण ५३ मैल, आय-७० वर एक्झिट २१६ ला उतरलात की समोर पार्किंगच, आणि तेही फुकट. तिथे हॉटेल नाही, शॉपिंगची गल्ली नाही, फोटोसाठी सजवलेलं गाव नाही, गाडी लावायची, बूट घालायचे आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं, बस. एपिक आणि आयकॉन हे जे एका पासवर बरेच रिसॉर्ट फिरवणारे मोठे पास आहेत ना, त्या दोन्हींत ते नाही, त्यामुळे बाहेरून आठवड्याभरासाठी आलेली पब्लिक तिकडे फारशी वळत नाही. १९३० च्या दशकात दोरी धरून वर जायचे तेव्हापासून हे चालू आहे, आणि डेन्वरकरांना आवडतं ते याच साधेपणामुळे.

पण तुमच्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. लव्हलँडचे दोन भाग आहेत, बेसिन आणि व्हॅली, मध्ये साधारण एक मैल आणि फुकट शटल. व्हॅली हा भाग मुख्यतः शिकणाऱ्यांचा. मोठ्या रिसॉर्टमध्ये काय होतं, नवशिक्यांचा सोपा उतार हाच बऱ्याचदा सगळ्यांचा खाली यायचा रस्ता असतो, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून वळायला बघताय आणि बाजूने कोणीतरी सूं करून जातो, सहा वर्षांचं पोर तिथे घाबरलं की दिवस संपला. व्हॅलीत हा त्रास जवळजवळ नाही. पहिल्या दिवशी बेसिनकडे बघूही नका.

आणि हो, फोनवर पत्ता टाकताना 'लव्हलँड स्की एरिया' असं पूर्ण टाका. नुसतं लव्हलँड टाकलं तर मॅप तुम्हाला आय-२५ ने उत्तरेला लव्हलँड नावाच्या शहरात नेऊन सोडेल, ते फोर्ट कॉलिन्सच्या अलीकडे आहे आणि तिथे स्कीइंगचा काही संबंध नाही.

परतीचं तेवढं लक्षात ठेवा. जाताना टनेल लागत नाही हे खरं, पण रविवारी दुपारी पलीकडची सगळी गर्दी त्याच टनेलमधून तुमच्याच रस्त्यावर उतरते. मुलं बरोबर असतील तर सकाळी लवकर पोचा आणि दोनच्या आत निघा, मुलांची ताकदही तोपर्यंतच असते.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना बऱ्यापैकी स्की येतं. तेच शिकवतील म्हणतात, लेसनचे पैसे कशाला घालवायचे?

ताई, घाला पैसे. मिस्टरांना स्की येतं, शिकवता येतं असं कुठे म्हणालात? उतारावर भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की पुढे पळतात आणि कंट्रोल जातो. नडग्या बुटाच्या जिभेला टेकवून पुढे झुकून राहायचं हे सांगायला सोपं आहे, पण घाबरलेल्या माणसाकडून ते करून घ्यायला समोर उलटं सरकत बोलत राहणारा इन्स्ट्रक्टर लागतो, आणि त्याच्यावर तुम्ही चिडत नाही हा अजून एक फायदा! पहिल्या दिवशी सपाटीवर एकेका स्कीवर सरकणं, मग सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर जाणं, मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करून थांबणं, एवढंच शिकवतात. थांबता आलं की निम्मं स्कीइंग आलं असं माझं मत.

आता बूट, कारण पहिला दिवस बुटामुळेच वाया जातो. रेंटलवाल्याने दिलेला बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की ती थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर मोठा आहे, बदलून मागा, लाजायचं नाही. आत मोजा एकच, पातळ आणि उंच. दोन घातले की ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. थर्मलची पॅंट बुटाच्या आत कोंबायची नाही, सगळं बाहेर.

फॉर्मवर वजन, उंची, वय खरं लिहा. पडल्यावर बूट स्कीतून किती जोराला सुटायचा ते सेटिंग त्या आकड्यांवरून लावतात, वजन दहा-पंधरा पौंड कमी लिहिलं तर स्की नको तेव्हा सुटेल, आणि उगाच 'मी जोरात स्की करतो' असं लिहिलं तर पडल्यावर सुटणारच नाही आणि गुडघा पिरगळेल.

प्रश्न: जीन्स चालेल का?

नाही. कॉटन भिजतं आणि वाळत नाही. वॉटरप्रूफ पॅंट भाड्याने किंवा मित्रांकडून मिळवा, आणि हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज विसरू नका.

प्रश्न: मागच्या वेळी मला डोकेदुखी आणि मळमळ झाली, घरी आल्यावर बरं वाटलं. थंडी बाधली असेल का? पुढच्या महिन्यात आई-बाबा भारतातून येतायत, त्यांनाही न्यायचंय.

थंडी नव्हे हो, उंची. डेन्वर ५,२८० फुटांवर, आणि लव्हलँड बेसिनचा पायथाच १०,८०० फुटांवर, म्हणजे तासाभरात तुम्ही दुप्पट उंचीवर जाता आणि शरीराला पत्ताच नसतो. आदल्या दिवसापासून पाणी प्या, आदल्या रात्री दारू नको, पहिला तास दमाने घ्या. डोकं दुखायला लागलं तर अजून वर जायचं नाही, आणि उलट्या किंवा चालताना तोल जायला लागला तर सरळ खाली, 'थोडा वेळ बघू' असं करत बसायचं नाही.

आई-बाबांना आल्या आल्या नेऊ नका. आधी डेन्वरमध्ये दोन-तीन दिवस राहू द्या, बीपी किंवा हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि त्यांना ऊन लावू देऊ नका, हे गंमत म्हणून सांगत नाहीये, दर हजार मीटरला अल्ट्राव्हायोलेट साधारण १० टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलासुद्धा सनस्क्रीन लावा, तिथेच जळतं.

प्रश्न: साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. चालेल का?

चालेल, पण टायर बघा. १ सप्टेंबर ते ३१ मे आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो ट्रॅक्शनचा नियम असतो, टायर विंटर किंवा एम-प्लस-एस (चिखल-बर्फाचे) हवेत, ट्रेड म्हणजे टायरच्या खाचांची खोली निदान ३/१६ इंच, आणि टू-व्हील ड्राइव्ह असेल तर चेनही बरोबर ठेवाच. त्या चेन घरच्या पार्किंगमध्ये एकदा चढवून बघा, बर्फात गुडघे टेकून पहिल्यांदा पत्रक वाचायला मजा येत नाही. गाडी न्यायचीच नसेल तर शनिवार-रविवारी सीडॉटची, म्हणजे कोलोरॅडोच्या वाहतूक खात्याची, स्नोस्टँग बस बघा.

प्रश्न: मला ब्लू रन (मध्यम अवघड उतार) आरामात जमतात. चेअर ९ ला जाऊ का? आणि ते रिज कॅट काय आहे?

आधी चेट्स ड्रीम या लिफ्टने वर जाऊन ब्लूवर दोन-तीनदा खाली या, पाय काय म्हणतात ते बघा. चेअर ९ ही लिफ्ट तुम्हाला साधारण १२,७०० फुटांवर कॉन्टिनेंटल डिव्हाइडच्या, म्हणजे खंडाचं पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगररांगेच्या, कडेवर सोडते. तिथे झाड नाही, आडोसा नाही, वारा असा की लिफ्टवर बसल्या बसल्या गाल बधिर होतात, आणि जास्त वारा सुटला की लिफ्ट बंदच ठेवतात. वाऱ्यापेक्षा मला जास्त त्रास देतो तो सपाट उजेड. ढग उतरले की आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे, सावली नाही, त्यामुळे समोर खड्डा आहे की उंचवटा हे पायाखाली आल्यावर कळतं. तेव्हा पिवळी किंवा गुलाबी लेन्स घाला आणि सरळ झाडीतल्या रनवर उतरा.

रिज कॅट म्हणजे पट्ट्यांवर चालणारी गाडी, ती चेअर ९ च्याही पुढे कडेकडेने नेते, १३,०१० फुटांच्या टोकाच्या बाजूला. तिचे वेगळे पैसे नाहीत, पण हवा चांगली असेल तरच चालते, आणि तिथून खाली यायचे रस्ते ब्लॅक डायमंड (अवघड उतार) आणि त्याहून अवघड. नुसतं ब्लू जमतं म्हणून जाऊ नका.

आणखी एक, खालच्या माणसाचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने खालच्याला चुकवायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सेफ्टी कायद्यात तसं लिहिलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लव्हलँड लवकर उघडतं तेव्हा तर हे जास्तच पाळा, कारण तेव्हा मशीनच्या बर्फाची एखाददुसरीच पट्टी असते आणि अख्खं डेन्वर त्याच पट्टीवर. माझं ऐकाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, बर्फ भरपूर, दिवस मोठा, आणि सीझन मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो, घाई कसली.