मालक बदलला, तर पुढचा भाग कोण करणार?

प्रश्न : मी गोरेगावातील एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लायटिंग विभागात काम करतो. आमचे बहुतेक काम अमेरिकेतील एका स्टुडिओसाठी चालते. तो स्टुडिओ आता एका मोठ्या कंपनीत विलीन होणार, अशा बातम्या आहेत. आम्ही सध्या एका गाजलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागावर काम करीत आहोत. वरिष्ठ सांगतात, ‘सिक्वेल आहे, तो कोणी बंद करणार नाही.’ या बोलण्यावर कितपत विसंबून राहावे?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : वरिष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. स्टुडिओ विकत घेताना जी किंमत मोजली जाते, तिच्यातला मोठा हिस्सा लोकांच्या ओळखीच्या पात्रांसाठी असतो, आणि घातलेला पैसा वसूल करण्यासाठी नवा मालक सर्वांत आधी त्या पात्रांकडेच वळतो. त्यामुळे पुढचा भाग निघण्याची शक्यता वाढते. परंतु तो भाग याच पटकथेवर, याच वर्षी आणि आपल्याच हातून होईल, असे त्यातून मुळीच निघत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डिस्ने आणि ‘टॉय स्टोरी’ करणारा पिक्सार स्टुडिओ यांचे आहे. या दोघांच्या 1997 च्या करारानुसार पिक्सारने पाच चित्रपट करून द्यायचे होते. सिक्वेल मात्र त्या पाचांत धरले जाणार नव्हते, आणि पात्रांवरचे हक्क डिस्नेकडे होते. 2004 मध्ये नव्या कराराची बोलणी फिसकटल्यावर डिस्नेने कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे ‘सर्कल सेव्हन’ नावाचा वेगळाच स्टुडिओ उभारला. पिक्सारच्या चित्रपटांचे पुढचे भाग पिक्सारशिवाय काढायचे, एवढ्याचसाठी तो होता. तिथे माणसे भरली गेली आणि ‘टॉय स्टोरी’च्या तिसऱ्या भागाची पटकथाही लिहून झाली. जानेवारी 2006 मध्ये डिस्नेने पिक्सार 7.4 अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले, मे महिन्यात व्यवहार पुरा झाला आणि त्याच वर्षी हा स्टुडिओ बंद पडला. तिथल्या बहुतेकांना डिस्नेच्या मूळ अ‍ॅनिमेशन विभागात सामावून घेण्यात आले, उरलेल्यांना घरी बसावे लागले. पटकथा बाजूला पडली. पहिल्या चित्रपटाची कल्पना जिथे मांडली गेली होती, त्याच घरी पिक्सारची जुनी मंडळी शनिवार-रविवार जाऊन बसली, नवी गोष्ट जुळवून आणली, आणि तो चित्रपट 2010 मध्ये पडद्यावर आला. सिक्वेल टिकला, पण तो आधी करणारी माणसे त्यात राहिली नाहीत.

या व्यवहारात माणसांची व्यवस्था कशी लावली गेली, तेही पाहण्यासारखे आहे. पिक्सारचे एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे दोन्ही स्टुडिओंची सूत्रे आली. तरीही बरबँकच्या डिस्नेने एमरीव्हिलच्या पिक्सारची माणसे उसनी घ्यायची नाहीत, आणि पिक्सारनेही तसे करायचे नाही, असा दंडक त्यांनी घातला. अडलेला चित्रपट ज्याचा त्याने सोडवायचा. हिशेबनिसाला हा शुद्ध अपव्यय वाटेल, कारण एकीकडे हात रिकामे असताना दुसरीकडे जादा माणसे घ्यावी लागतात. माझ्या मते मात्र त्या विलीनीकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता; एकदा उसनवारी सुरू झाली की गाजलेल्या चित्रपटाचा सिक्वेल सगळे चांगले कलावंत ओढून घेतो आणि नव्या गोष्टींच्या वाट्याला उरलेसुरले येतात.

दिग्दर्शनाची धुराही बाहेरच्या माणसाकडे गेली नाही. तिसऱ्या भागाचे दिग्दर्शक ली अनक्रिच हे पहिल्या भागाच्या संकलनात होते आणि दुसऱ्याचे सहदिग्दर्शक होते. जुन्या माणसांचे महत्त्व अशा वेळी केवळ भावनिक नसते. तिसऱ्या भागासाठी पहिल्या ‘टॉय स्टोरी’च्या फाइली काढल्या, तेव्हा त्या उघडत होत्या, पण त्यांत बदल करता येत नव्हते, पात्रांची मॉडेल नव्याने उभारावी लागली. ‘पात्रे तयारच आहेत, आता फक्त हलवायची’ असे समजून सिक्वेलचे बजेट कापणाऱ्या नव्या मालकांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

आता आपल्याविषयी. चित्रपट स्टोरीबोर्डच्या, म्हणजे प्रसंग चित्रांतून मांडून पाहण्याच्या, टप्प्यावर असेल तर त्यावर मोजकीच माणसे असतात, तो थांबवणे स्वस्त पडते आणि नवे व्यवस्थापन तो सहज थांबवते. ‘द क्रूड्स’चा दुसरा भाग असाच अडकला होता. एनबीसी-युनिव्हर्सल कंपनीने ऑगस्ट 2016 मध्ये तो करणारा ड्रीमवर्क्स स्टुडिओ ताब्यात घेतला, नोव्हेंबरमध्ये तो चित्रपट बंद केला, वर्षभराच्या आत तो वेगळ्या दिग्दर्शकाकडे सोपवून पुन्हा सुरू केला आणि अखेर 2020 मध्ये प्रदर्शित केला. आपण लायटिंगमध्ये आहात, आणि प्रकाशयोजनेचे हे काम जवळजवळ शेवटी येते, म्हणजे शॉट आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. इतक्या पुढे आलेले काम सहसा थांबत नाही.

तेव्हा नव्या व्यवस्थापनाने प्रदर्शनाची तारीख पुन्हा जाहीर केली आहे का, आणि आपले शॉट पूर्वीचेच सुपरवायझर तपासत आहेत का, याकडे लक्ष ठेवा. तपासणाऱ्यांची नावे एकाएकी बदलू लागली, तर ती बातमी वर्तमानपत्राच्या आधी आपल्याला कळलेली असेल. शिवाय शोरीलमध्ये, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या आपल्या कामाच्या चित्रफितीत, हे काम दाखवण्याची लेखी परवानगी आपल्या स्टुडिओमार्फत आत्ताच मागून ठेवा. विलीनीकरणानंतर अशा कागदावर सही करणारा माणूस शोधण्यातच सहा महिने जातात.

प्रश्न : ‘आइस एज’ माझ्या मुलांचा लाडका चित्रपट आहे. तो करणारा स्टुडिओ बंद झाल्याचे वाचले होते, तरी नंतर त्याचा आणखी एक भाग आला. हे कसे?
– एक वाचक, दादर

उत्तर : ब्लू स्काय हा तो स्टुडिओ. मार्च 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय घेतला, त्याबरोबर ब्लू स्कायही आला. डिस्नेकडे मोठे अ‍ॅनिमेशनपट करणारे दोन स्टुडिओ आधीच होते. त्यात महामारीमुळे उत्पन्न आटले आणि एप्रिल 2021 मध्ये हा तिसरा बंद करण्यात आला. सुमारे 450 जणांच्या नोकऱ्या गेल्या. पात्रे मात्र कंपनीच्या मालकीची होती. त्यामुळे जानेवारी 2022 मध्ये थेट ओटीटीवर आलेल्या भागाचे अ‍ॅनिमेशन कॅनडातील व्हँकुव्हरच्या बार्डेल स्टुडिओकडून करून घेतले गेले. मुलांना फरक जाणवला असल्यास ती चांगले प्रेक्षक आहेत, असे समजावे.

याच बंदीत ‘निमोना’ हा चित्रपट बरेच काम झालेले असताना रद्द झाला. तो सिक्वेल नव्हता, म्हणजे त्याच्या मागे ओळखीचे नाव नव्हते. पुढे अमेरिकेतील अन्नपूर्णा पिक्चर्सने तो उचलला, डीएनईजी या कंपनीने अ‍ॅनिमेशन केले आणि 2023 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. डीएनईजीची मूळ कंपनी म्हणजे आपल्या मुंबईची प्राइम फोकस. अशा फेरबदलांशी मुंबईचा संबंध तसा जुनाच आहे : डिस्नेच्याच डिस्नेटून स्टुडिओच्या टिंकर बेल चित्रपटांचे अ‍ॅनिमेशन मुंबईत शाखा असलेल्या प्राना स्टुडिओने केले होते. डिस्नेटून पूर्वी गाजलेल्या चित्रपटांचे पुढचे भाग थेट व्हिडिओवर काढत असे. पिक्सारच्या मंडळींनी सूत्रे हाती घेतल्यावर 2007 मध्ये ते धोरण बंद केले. 2018 मध्ये डिस्नेटूनही बंद झाला. धोरण बरबँकला ठरते आणि त्यानुसार अंधेरी-मालाडकडे माणसे घेतली किंवा कमी केली जातात.

प्रश्न : पहिल्या भागातले एखादे पात्र मी घडवले असेल, तर दुसऱ्या भागासाठी मला मानधन मागता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण पगारी नोकरीत असाल, तर साधारणपणे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि त्याने कंपनी विकली की तो हक्कही नव्या मालकाकडे जातो. कलम 57 कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा अधिकार देते, पण त्यातून मानधन मिळत नाही. आपण फ्रीलान्स काम केले असेल, तर गोष्ट वेगळी होऊ शकते. तेव्हा काय लिहून दिले होते, तो कागद काढून वकिलाला दाखवा.