व्हीटच्या प्रकल्पात वेबअसेम्ब्ली कंपोनंट आयात केल्यावर ब्राउझर आवृत्तीची त्रुटी का दाखवतो?

रस्ट या भाषेतला हिशेबाचा भाग वेबअसेम्ब्लीचा (ब्राउझरात चालणाऱ्या बायनरी कोडचा) कंपोनंट म्हणून बांधून आपण तो थेट आयात केला, आणि व्हीट या बंडलरचे (फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाचे) बिल्ड सुरळीत होऊनही ब्राउझरने फाइल नाकारली, असे आपण लिहिले आहे. यात दोष व्हीटचा नाही. साधे मॉड्यूल आणि कंपोनंट (मॉड्यूलभोवती स्ट्रिंग, लिस्ट अशा प्रकारांचे वेष्टण असलेला नवा प्रकार) या दोहोंच्या फाइलींचे पहिले चार बाइट सारखेच असतात, पण आवृत्ती सांगणारे पुढचे चार वेगळे असतात, आणि 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत जे वेबअसेम्ब्ली आहे त्याला फक्त मॉड्यूल कळते.

म्हणून बंडलरच्या आधी बाइटकोड अलायन्स या संघटनेच्या जेको या साधनाची ट्रान्सपाइल आज्ञा चालवावी. ती कंपोनंटमधील मूळ मॉड्यूल बाहेर काढते आणि स्ट्रिंग, रेकॉर्ड, लिस्ट ही मूल्ये मॉड्यूलच्या मेमरीत नेण्या-आणण्याचा जावास्क्रिप्ट कोड लिहून देते.

खरी अडचण यानंतर येते. जेकोचा कोड एरवी वेबअसेम्ब्लीची फाइल स्वतःच्या शेजारी शोधतो. तो एनपीएम पॅकेज म्हणून जोडलेला असेल, तर डेव्ह सर्व्हर चालू असताना व्हीट तो उचलून आपल्या कॅशमध्ये ठेवते आणि शेजारची फाइल मागेच राहते. असे पॅकेज व्हीटच्या ऑप्टिमाइझडेप्स या सेटिंगमधील एक्सक्लूड यादीत घालता येते, पण मी जेकोचा इन्स्टँशिएशन पर्याय एसिंक ठेवणे पसंत करतो. त्यात फाइल आणण्याचे फंक्शन आपणच पुरवतो. फाइलचा पत्ता व्हीटच्या यूआरएल प्रत्ययाने घेतला, की नावात हॅश (फाइलच्या मजकुरावरून ठरणारा संकेत) येतो, कॅशिंग नीट होते आणि गरज पडेल तेव्हाच फाइल उतरवता येते. नागपुरात कळमना बाजारातल्या आडत्यांसाठी आम्ही पट्टीचे अ‍ॅप सांभाळतो, आणि मालाच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क रडतखडत चालत असल्याने ही शेवटची सोय आम्हाला फार मोलाची वाटते. या पद्धतीत वासीच्या (वेबअसेम्ब्लीला घड्याळ, फाइली अशा सिस्टमच्या सोयी देणाऱ्या इंटरफेसच्या) आयातीही आपल्यालाच द्याव्या लागतात. त्यासाठी प्रिव्ह्यू2-शिम हे पॅकेज आहे.

हाच कंपोनंट सर्व्हरवर वासमटाइम या रनटाइममध्येही चालवायचा नसेल, तर माझ्या मते एवढा खटाटोप करू नये. केवळ ब्राउझरसाठी वासम-बाइंडजेन हे रस्ट आणि जावास्क्रिप्ट जोडणारे साधन सोपे पडते.

सर्व्हरने वेबअसेम्ब्लीची फाइल अ‍ॅप्लिकेशन/वासम या प्रकाराने पाठवली पाहिजे, अन्यथा स्ट्रीमिंगने कंपाइल करताना ती नाकारली जाते. आणि साइटवर कडक सुरक्षा धोरण (सीएसपी) असेल, तर स्क्रिप्टच्या नियमात वासम-अनसेफ-इव्हॅल ही परवानगी जोडावी.