प्राथमिक आयटी कोर्स केला, पण त्यातून मिळाले काय?

माहिती तंत्रज्ञानाचा प्राथमिक कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्रही हाती आले, पण मुलाला सॉफ्टवेअर तयार करता येत नाही आणि नोकरीही लागत नाही, मग फी व वेळ वाया गेला का, ही काळजी नागपुरातील माझ्या समुपदेशन कक्षात अनेक पालक बोलून दाखवतात. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडतो.

काटोलकडच्या संत्रा बागायतदाराचा हा मुलगा मराठी माध्यमातून शिकलेला आणि नागपुरात खोली करून बीए करणारा. "सर, बाकीची पोरं पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग शिकून राहिली अन् मी अजून एक्सेलच करून राहिलो," असे तो खाली मान घालून म्हणाला. गुणांविषयी काही न विचारता, पूर्वी न जमणारी कोणती गोष्ट आता जमते, एवढेच मी त्याला विचारले.

बऱ्याच वेळाने त्याने सांगितले की, नागपूरच्या कळमना बाजारात विकलेल्या संत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबपावत्या, तो एक्सेलच्या एका शीटमध्ये भरतो आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता किलोमागे हातात काय उरते, ते काढतो. हमालीचा दर त्याने एकाच सेलमध्ये, म्हणजे शीटच्या एका चौकटीत, ठेवला होता. फॉर्म्युला खाली ओढला की तो संदर्भही खाली सरके आणि हिशेब चुके. कारण त्याने स्वतः शोधले आणि डॉलरचे चिन्ह लावून तो सेल पक्का केला. माझ्या मते त्याची खरी कमाई हीच आहे, कारण उत्तर चुकल्यावर घाबरून यंत्र बंद करणारा मुलगा आता चूक नेमकी कुठे आहे, हे टप्प्याटप्प्याने तपासू लागला होता. वडील ती शीट वापरत होते, तरी तिला अभ्यास म्हणावे, असे दोघांनाही वाटले नव्हते.

कृतिदेव या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला चुलत भावाचा अर्ज मोबाइलवर निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसू लागला, तेव्हाही फाइल बिघडलेली नाही, हे या मुलानेच भावाला समजावले. जुना फाँट इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांवर मराठी आकार बसवतो, तर युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतंत्र संकेत आहेत, हे तो माझ्यासमोर अडखळत, पण अचूक बोलला.

केवळ अशा प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितले. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी एमएस-सीआयटीसारखी संगणक अर्हता लागते, मात्र लिपिक-टंकलेखकासाठी मराठीत मिनिटाला 30 किंवा इंग्रजीत 40 शब्दांचे टंकलेखन प्रमाणपत्रही हवे असते. प्रोग्रॅमिंगचा मार्ग वेगळा असून त्याला अधिक काळ द्यावा लागतो. चर्चेअंती बीए सुरू ठेवून आधी मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यायची आणि सुट्टीत पायथनची सुरुवात त्याच पट्ट्यांच्या आकड्यांवर, आंबिया व मृग या संत्र्याच्या दोन बहारांचा हिशेब वेगळा करून पाहायची, असे मुलाने ठरवले आणि वडिलांनी ते मान्य केले.