मुंबईच्या पावसाळ्यात स्की आणि स्की-बूट सांभाळताना

गुलमर्गहून वापरलेली स्कीची जोडी आणि बूट घेऊन आलात, घर मुलुंडला, आणि डिसेंबरपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात टाकू नका. थंड देशांतले लोक स्की गॅरेजमध्ये किंवा तळघरात ठेवतात आणि त्यांचं निभावतं. मुंबईत साधारण ११ जूनला पाऊस सुरू होतो, तो ऑक्टोबर उजाडल्याशिवाय हटत नाही, त्यात समुद्राची खारी हवा. प्लास्टिकच्या आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि स्कीच्या स्टीलच्या कडा आतल्या आत गंजतात. त्यामुळे हे काम मे महिन्यातच उरकायचं.

आधी स्की साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. कडांवर तांबूस डाग असतील तर बारीक पॉलिश पेपर किंवा गमस्टोन (गंज घासायचा रबरी ठोकळा) हलक्या हाताने लांबीच्या दिशेने फिरवा. मग तळाला मेण. जुनी, वाफेचा पर्याय नसलेली इस्त्री घ्या आणि ती पुन्हा कपड्यांना वापरू नका. स्कीचं मेण जेमतेम वितळेल इतकीच ती तापवायची. धूर दिसला तर इस्त्री जास्त तापलीय असं समजा. ती एका जागी थांबू देऊ नका, तळाचं पॉलिथिलीन भाजलं की नंतर मेण धरत नाही. थर जाड ठेवा, कडांवरही उतरू द्या आणि खरवडू नका. तोच थर पावसाळाभर लोखंडाला हवेपासून वाचवतो.

बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या खटक्यावर, गंज सोडवायचे तेलकट स्प्रे मारू नका, आतलं कारखान्यात भरलेलं ग्रीस त्याने धुऊन जातं. ओल्या फडक्याने माती काढली की पुरे. स्प्रिंग सैल करून ठेवावी की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते तिला हात लावू नये. किती जोर आला की बूट सुटावा हे तिच्यावरचा आकडा ठरवतो. घरी तो कमी केला आणि डिसेंबरात परत लावायला विसरलात तर चालू उतारावर बूट नको तेव्हा सुटेल आणि तुम्ही आपटाल.

आता बूट. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे, पण माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे. बऱ्याच बुटांचं बाहेरचं कवच पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचं असतं आणि हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू आतून विघटित होतं, बूट वापरात नसला तरीही. वरून चकचकीत दिसणारा जुना बूट उतारावर अचानक तडकू शकतो. म्हणून वापरलेला बूट घेताना तो किती वर्षांचा आहे हे किमतीइतकंच महत्त्वाचं.

आतले मऊ लायनर बाहेर काढून पूर्ण वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नको, पंखा बरा. कोरडे झाले की परत आत घाला आणि बकल अगदी सैल खाचेत अडकवा, म्हणजे कवचाचा आकार टिकतो. प्रत्येक बुटात सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि मण्यांचा रंग बदलला की ती बदला. डांबरगोळ्या मात्र प्लास्टिकजवळ नकोत.

जागा कोणती? वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो. बाल्कनी नको, न्हाणीघरावरचा माळा नको आणि पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. एसी लागतो ती खोली उत्तम, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. स्की आडव्या ठेवा, सुती चादरीत सैल गुंडाळून. मधोमध पट्ट्याने आवळू नका, वर बॅगा रचू नका. गणपतीच्या साफसफाईत सामान इकडचं तिकडे होतं, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्याच वेळी एकदा सगळं उघडून बघा. लायनरवर बुरशीचे ठिपके दिसले तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा वाळवा.

पिसांचं जॅकेट दाबून पिशवीत कोंबू नका, हँगरला सैल टांगा.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी बूट घरीच घाला, सगळी बकलं लावा आणि गुडघे पुढे ढकलत चांगला दहा मिनिटं भार द्या. सांध्यांजवळ आणि बकलांच्या रिव्हेटभोवती बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या किंवा कवच कुरकुरलं तर तो बूट घालून बर्फावर जाऊ नका, भाड्याने घ्या. बाइंडिंग मात्र गुलमर्गला पोचल्यावर जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. वजन, उंची, वय, स्की करण्यातली तुमची पातळी आणि बुटाच्या तळव्याची लांबी त्याला सांगा, स्प्रिंगचा आकडा त्यावरूनच ठरतो.